बोटाला लागलेलं पांढरं

‘‘बोट फिरवा, ताई,’’ बाबालाल म्हणाला.

मी फियाटच्या पुढच्या काचेभोवतीच्या रबरावरून बोट फिरवलं. खडूनं भरलेला फळा हातानं पुसल्यावर होतं तसं बोट पांढरं झालं.

‘‘लागलं न्हवं? वरवरचं मेलंय हे रबर. आत जीव हाय अजून. साबणानं धुवा, स्पिरिटनं पुसा, सावलीत वाळू द्या आन् मग ह्या बाटलीतलं काळं औषध लावा. पण झालं का न्हाई ते डोळ्यानं बघू नका. काळं दिसतंय म्हणून डोळा फसतोय. बोट फिरवायचं. पांढरं लागलं तर झालं न्हाई.’’

बाबालालचं गॅरेज कराडच्या बाजारपेठेमागे होतं आणि आमची फियाट त्याच्या वडिलांच्या काळापासून तिथे येत होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, हात पाठीमागे बांधून शेजारी उभे होते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर असताना ते असेच दुसऱ्याच्या कामावर उभे राहत असणार.

‘‘तेल चालत नाही का रे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तेल? कसलं तेल?’’

ते मीच सांगितलं. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे आई सगळ्यांना तेल लावायची. सगळ्यांचं झालं की वाटीत उरलेलं खोबरेल घेऊन आप्पा अंगणात जायचे आणि गाडीच्या रबरांना चोळायचे. घरातल्या सगळ्यांची आंघोळ होते, तर हिनं काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. आई गेल्यावर आम्हाला तेल लावणं बंद झालं. गाडीला लावणं चालू होतं.

बाबालाल हसला नाही. ‘‘तेल माणसाला, आप्पा. रबर तेल प्यालं की आधी फुगतंय आन् मग तडकतंय. एवढी वर्षं टिकली हेच लई झालं.’’

‘‘आता कळलं ना? मग दे ती बाटली,’’ आप्पा म्हणाले.

घरी येताना गाडी तेच चालवत होते. आमच्या फाटकातून आत वळताना डावीकडचा खांब अगदी जवळून गेला. मी पाय आखडून घेतले. गाडीच्या डाव्या अंगाला आधीच दोन-तीन ओरखडे होते. मंडईत कुणीतरी हातगाडी घासली, असं ते म्हणायचे आणि मंडईतल्या हातगाड्या पाहता त्यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नव्हतं.

ही रबरांची उठाठेव चालली होती ती माझ्या भावासाठी. उदयदादा बंगळूरला असायचा आणि वसुबारसेला येणार होता. श्रावणात आप्पा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि आणखी तपासण्या करून घ्या म्हणाले. आप्पांनी गोळ्या घेतल्या, मीठ कमी करू दिलं आणि तपासण्या टाळल्या. तेव्हापासून दादा फोनवर एकच विषय काढायचा.

‘‘वैजू, गाडी काढून टाकू या. कोल्हापूरला एक जण जुन्या गाड्या घेतो. आप्पांनी आता चालवायला नको.’’

‘‘ते व्यवस्थित चालवतात.’’

‘‘तू त्यांची बाजू घेणारच.’’

मी त्यांची बाजू घेणारच होते, यात काही खोटं नव्हतं. मी तेव्हा गावातल्याच एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि आप्पांजवळ राहायचे. माझं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. मी बॅग घेऊन परत आले त्या दिवशी आप्पा मला घ्यायला स्टँडवर गाडी घेऊन आले होते, आणि वाटेत त्यांनी फक्त कालव्याला पाणी सुटल्याचं सांगितलं होतं. अशा माणसाची बाजू घेतली जाते.

शिवाय मला माहीत होतं, गाडी गेली तर त्यांचं काय होईल. ते रोज दुपारी चहा झाला की गाडी काढून कालव्यावर जायचे. त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं त्या कालव्यावर गेली होती. कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं पाणी सोडायच्या शेवटच्या दारापर्यंत जायचं, पाणी किती आहे ते बघायचं, कुठे भराव खचला असेल तर खात्यातल्या नव्या पोरांना फोन करून त्रास द्यायचा आणि दिवेलागणीला परत यायचं. जाताना कालवा डावीकडे, येताना उजवीकडे.

‘‘गाडी गेली की मी दावणीला बांधलेला,’’ ते एकदा म्हणाले होते. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

तर दादा येण्याआधी गाडी देखणी करायची, असं आमचं ठरलं. इंजिन चोख होतं, पत्रा धड होता. पण पुढच्या-मागच्या काचांची आणि दारांच्या खिडक्यांची सगळी रबरं करडी-पांढरी पडली होती आणि त्यामुळे गाडी कुणीतरी टाकून दिल्यासारखी दिसायची. आप्पांचं मत असं की उदय यंत्र बघणारा नाही, रूप बघणारा आहे. लहानपणी आंबासुद्धा तो रंगावर घ्यायचा.

‘‘गाडी नीट दिसली की त्याच्या जिभेला कुलूप,’’ ते म्हणाले. ‘‘तू फक्त मधे बोलू नकोस.’’

‘‘मी तुमच्याच बाजूनं बोलणार आहे.’’

‘‘तेच म्हणतोय. दोघं एका बाजूला झालो की त्याला संशय येतो.’’

धुण्याचं काम मी केलं. जुन्या टूथब्रशनं रबराच्या खाचांतली माती काढली, स्पिरिटच्या बोळ्यानं वर्षानुवर्षांचं खोबरेल पुसलं. बोळे तपकिरी होऊन निघत होते आणि त्यांना अजून दिवाळीचा वास होता. मग शाळेतून आणलेली कागदी चिकटपट्टी मी रबराच्या कडेनं पत्र्यावर लावली, म्हणजे काळं रंगावर जाऊ नये. चित्राला समास सोडताना मुलांना शिकवायचे तशीच. इथवर आप्पांनी माझं ऐकलं. पण औषध लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली.

‘‘हे मी करतो. तू शाळेत जा.’’

‘‘मी आल्यावर दोघं मिळून करू.’’

‘‘वैजू, गाडी माझी आहे.’’

शाळेत सहामाही परीक्षा चालू होती. मी सकाळी जायचे तेव्हा आप्पा अंगणात स्टूल मांडून एकेका खिडकीसमोर बसलेले असायचे आणि परत यायचे तेव्हा दुसऱ्या खिडकीसमोर. बनियन, जुनी पँट, हातात फडक्याची घडी. ते खूश होते. आईच्या आजारपणानंतर मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

जेवणावरून मात्र आमचं रोज वाजायचं. त्याला गणपतीपासूनच सुरुवात झाली होती.

‘‘चटणी केली नाहीस आज?’’

‘‘केलीय की, आप्पा. वाढलीय.’’

‘‘बरं बरं,’’ असं म्हणून ते भाजी-भाकरी जेवायचे, आणि ताटात डावीकडे वाढलेली शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहायची. मला वाटायचं, मीठ कमी केल्याचा राग हा असा निघतोय. बेचव चटणी ही चटणीच नव्हे, हे सांगायची त्यांची ही पद्धत. मीही हट्टाला पेटून रोज वाढत राहिले आणि रोज उचलून टाकत राहिले. तसंच वर्तमानपत्राचं. हल्ली काहीही छापतात, वाक्याला वाक्य लागत नाही, असं म्हणून त्यांनी पेपर वाचणं सोडलं होतं. आमच्या पेपरबद्दल माझंही मत तेच असल्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी लागली. मी घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आप्पा पायरीवर बसून गाडीकडे बघत होते.

‘‘झाली,’’ ते म्हणाले. ‘‘पट्ट्या काढ तुझ्या.’’

मी उजव्या बाजूनं चिकटपट्टी काढायला सुरुवात केली. काळं रबर क्रीम रंगाच्या पत्र्यावर सुरेख उठून दिसत होतं. औषधाचा हात पातळ, कुठे ओघळ नाही. ड्रॉइंगला असतं तर मी पैकीच्या पैकी दिले असते. पुढच्या दाराच्या रबराच्या मागच्या टोकाला मात्र वीतभर जागा तशीच करडी राहिली होती. राहिलं असेल, म्हणून मी मागच्या दाराकडे वळले. तिथेही मागचं टोक करडं. मला वाटलं, गाडीच्या मागच्या भागाकडे येईतो ते दमले असतील.

मग मी फिरून डाव्या बाजूला गेले. तिथे दोन्ही दारांची मागची टोकं लख्ख काळी होती आणि पुढची टोकं करडी.

मी पुढच्या काचेकडे गेले. तिथे स्टिअरिंगच्या बाजूचं रबर राहिलेलं. मागच्या काचेला स्टिअरिंगच्या बाजूचं झालेलं आणि दुसरीकडचं राहिलेलं. गाडीच्या हिशेबानं त्यात काही मेळ नव्हता. मी अंगणात पडलेल्या स्टुलाकडे पाहिलं. मग ते उचललं, उजव्या दारासमोर ठेवलं आणि आप्पा बसायचे तशी त्यावर बसले. राहिलेलं टोक माझ्या डाव्या हाताला होतं. स्टूल उचलून पलीकडे गेले, बसले. डाव्या हाताला. पुढच्या काचेसमोर, मागच्या काचेसमोर, सगळीकडे डाव्याच हाताला.

‘‘काय करतीयस?’’ आप्पांनी पायरीवरून विचारलं.

‘‘काही नाही. बघतेय.’’

‘‘कशी झालीय?’’

‘‘चांगली झालीय.’’

‘‘उदयला कळणार नाही की ही तीच गाडी.’’

मी स्वयंपाकघरात गेले. एवढ्यावरून काही ठरवायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं आणि भाकऱ्या टाकल्या. ताट नेहमीसारखंच वाढलं : डावीकडे चटणी, काकडीची कोशिंबीर, लिंबू, उजवीकडे वांग्याची भाजी, आमटीची वाटी. मग आप्पा हात धुवायला गेले तेवढ्यात मी ते ताट उलटं फिरवून ठेवलं.

ते पाटावर बसले. पहिल्याच घासाला त्यांचा हात चटणीकडे गेला.

‘‘आज केलीस होय चटणी,’’ ते म्हणाले. खूप दिवसांनी त्यांना काहीतरी हवं ते मिळालं होतं. चटणी संपवली, कोशिंबीर संपवली, लिंबू पिळून घेतलं. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, ‘‘आणि भाजी?’’

भाजी त्यांच्या ताटात होती. वाफ निघत होती तिच्यातून. मी उठले, ताट सरळ केलं आणि म्हटलं, ‘‘वाढते.’’ मला रडू येत होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून मी चुलीकडे तोंड करून बसले. लपायला चुलीकडे जायची काही गरज नव्हती, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले असते तरी पुरलं असतं.

बाटलीत औषध उरलं होतं. राहिलेली टोकं रंगवून टाकायला फारसा वेळ लागला नसता. सकाळी दादाला गाडी चकचकीत दिसली असती, त्याची बोलती बंद झाली असती आणि दुपारी चहा झाल्यावर आप्पा गाडी काढून कालव्यावर गेले असते. जाताना कालवा डावीकडे. मी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि ती कपाटात ठेवून दिली.

दादाला आधी सांगणं हा दुसरा मार्ग होता. तो मी फार वेळ मनात ठेवला नाही. दादानं किल्ली काढून घेतली असती आणि आप्पा जन्मभर असं समजले असते की मुलांनी मिळून त्यांना फसवलं. कारण त्यांच्या दृष्टीनं रबरं पूर्ण झाली होती. चटणी मी करत नव्हते. मंडईत हातगाडी घासली होती.

सकाळी दादा यायच्या आधी मी त्यांना चहा अंगणातच नेऊन दिला.

‘‘आप्पा, जरा इकडे या. हे दार बघा.’’

‘‘बघितलंय. झालंय ते.’’

‘‘डोळे मिटा आणि बोट फिरवा.’’

‘‘आँ?’’

‘‘बाबालालनं काय सांगितलं? डोळ्यानं बघायचं नाही, बोट फिरवायचं.’’

ते हसले. मास्तरीण आहेस खरी, म्हणाले. कप बॉनेटवर ठेवला, डोळे मिटले आणि रबराच्या उजव्या टोकाला बोट टेकवलं. बोट सरळ गुळगुळीत गेलं, दाराच्या मध्यावर आलं, पुढे गेलं आणि थांबलं. त्यांनी डोळे उघडले. बोट वर धरून पाहिलं. पांढरं होतं.

‘‘इथलं कुणी पुसलं?’’

‘‘कुणी नाही.’’

त्यांनी मान पुरती डावीकडे वळवली तेव्हा त्यांना ते टोक दिसलं. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत होते. मग ते मागच्या दाराकडे गेले. या वेळी डोळे मिटायला मी सांगितलं नाही. मागचं दार, मागची काच, पलीकडची दारं, पुढची काच. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून, उजवीकडून डावीकडे. प्रत्येक ठिकाणी थांबून बोट बघायचं आणि पँटला पुसायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची कामं तपासत आले होते, तसंच हेही तपासलं. सगळी फेरी झाल्यावर पायरीवर येऊन बसले. चहा बॉनेटवर निवत होता.

‘‘चटणी,’’ ते म्हणाले. ‘‘रोज होती?’’

‘‘रोज होती, आप्पा.’’

‘‘आणि मी रोज तुला बोलायचो.’’

‘‘हो.’’

ते फाटकाच्या खांबाकडे बघत होते. मान वळवून.

‘‘परवा कालव्यावर,’’ ते सावकाश म्हणाले, ‘‘मागनं एक बाई ओरडत होती. आरशात बघितलं तर भारा रस्त्यात पडलेला आणि ही हात करून शिव्या देतीय. मला वाटलं, हिला काय झालं. मी थांबलोसुद्धा नाही.’’

हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं.

दादा आला तो भांडणाच्या तयारीनं आला होता. रिक्षातून उतरतानाच ते कळत होतं. पण फाटकात येऊन त्यानं गाडी पाहिली आणि तो थबकला. सकाळच्या उन्हात ती खरोखर छान दिसत होती. तो जवळ आला, टपावरून हात फिरवला, खाली वाकून पुढच्या काचेचं रबर पाहिलं. करडं टोक त्याला दिसलं असेल किंवा नसेल. रूप बघणारा माणूस एकंदर बघतो.

‘‘काय आप्पा, नवरी केलीत की हिला,’’ तो म्हणाला. ‘‘हे तुम्ही केलंत?’’

‘‘मी आणि वैजूनं.’’

दादानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. तो वाईट माणूस नव्हता. भांडण टळलं याचं त्याला मनापासून बरं वाटत होतं. ‘‘एवढा हात चालतोय तुमचा, म्हणजे मीच उगीच घाबरलो,’’ तो म्हणाला. ‘‘जाऊ दे. चालवा तुम्ही. फक्त कालव्यापलीकडे नेऊ नका.’’

आप्पांना हवं होतं ते सगळं त्या वाक्यात होतं. ते उठले. खिशातून किल्ली काढली. मला वाटलं, ते गाडी चालू करून दाखवणार. माणूस आहे, करेलही, असं मला वाटलं आणि मी पुढे झाले. पण त्यांनी किल्ली दादासमोर धरली.

‘‘मला डावीकडचं दिसत नाही,’’ ते म्हणाले.

दादाला काही कळेना. ‘‘दिसत नाही म्हणजे? कधीपासून?’’

‘‘आज सकाळपासून,’’ आप्पा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दादानं आम्हाला मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. श्रावणात चक्कर आली तेव्हा मेंदूचा एक कोपरा गेला होता. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली होती आणि वाईट असं की गेल्याचं कळवणारा भागही तिच्याबरोबर गेला होता. ते सगळं मला नंतर नीट समजावून सांगण्यात आलं. मला ते ताटावरून आधीच समजलं होतं.

वसुबारसेच्या त्या दिवशी मात्र डॉक्टर वगैरे काही नव्हतं. दादा आत आंघोळीला गेला. आप्पांनी माझ्याकडून बाटली मागून घेतली, स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि डाव्या हाताच्या बोटानं चाचपत राहिलेलं एकेक टोक काळं केलं. चिकटपट्टी मी काढून टाकली होती, त्यामुळे एकदोन ठिकाणी काळं पत्र्यावर गेलं. ते अजून आहे.

गाडी विकली नाही. ‘‘वैजू चालवील,’’ असं आप्पांनी परस्पर जाहीर केलं, आणि मला येत नाही म्हटल्यावर, मला तरी कुठं येत होती, असं उत्तर दिलं. दिवाळीच्या सुट्टीत बाबालालनं मला शिकवलं. पाडव्यानंतर महिन्याभरात मी कालव्यापर्यंत जाण्याइतकी तयार झाले.

आप्पा शेजारी डाव्या सीटवर बसायचे, कोपर खिडकीच्या काळ्या रबरावर ठेवून. जाताना कालवा त्यांच्या बाजूला असायचा. ते समोर बघत बसायचे आणि थोड्या थोड्या वेळानं विचारायचे, ‘‘पाणी कुठवर आहे?’’ मी गाडी हळू करून सांगायचे, दगडाच्या दुसऱ्या थरापर्यंत आहे, किंवा पाणी मोजायच्या गेजच्या पट्टीला टेकलंय. ते मान हलवायचे.

येताना कालवा माझ्या बाजूला यायचा. तेव्हा ते काही विचारायचे नाहीत. माझ्या पलीकडे नजर लावून घर येईपर्यंत पाणी बघत राहायचे.